पांढऱ्याचा हट्ट

रुबिक क्यूब शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, सुरुवात कुठून करायची? तो डोळे मिटून सांगेल, पांढऱ्यापासून. पणजीत विचारा, पुण्यात विचारा, यूट्यूबवरच्या कुठल्याही पोराला विचारा, उत्तर तेच. आधी पांढरा क्रॉस, मग पांढरे कोपरे, मग मधला थर, शेवटी पिवळा. का, असे विचारले तर 'सोपे पडते' म्हणतात. कोणाला सोपे पडते, असे विचारले की मात्र तुमच्याकडे संशयाने बघू लागतात.

माझे म्हणणे असे की ते शिकवणाऱ्याला सोपे पडते. शिकणाऱ्याला ही सवय पहिल्याच दिवशी लावणे म्हणजे त्याचे नुकसान करणे आहे. गेल्या मे महिन्यात आदिलाबादला एका मुलीच्या क्यूबसमोर बसलो तेव्हा हे मला कळले. त्याआधी मीही पांढऱ्याच्याच पंथातला होतो, हे कबूल करून टाकतो.

आदिलाबाद म्हटले की आमच्या गोव्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. माझ्याही येत नव्हते. मामेबहीण तिथे दिली म्हणून जाणे-येणे सुरू झाले. राज्य तेलंगण, पण पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. गाडी मुदखेडहून किनवटमार्गे जाते. कापसाचा मुलूख. दुकानाची पाटी तेलुगूत, आत भावाची घासाघीस मराठीत, आणि रिक्षावाल्याशी भांडण दखनी हिंदीत. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आजही आहेत. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. निर्मळ, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद वेगळे निघाले. त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यातले 'आमच्या जिल्ह्यात' आता नेमके कुठे, हे विचारून घ्यावे लागते.

भाच्याची मुंज होती. मुंज उरकल्यावर चार दिवस राहिलो. त्या आठवड्यात भाचा सकाळी साडेसातला एका उन्हाळी वर्गाला जायचा. साडेसातला एवढ्यासाठी, की दहानंतर तिथे माणसाने बाहेर पडायचे नसते. वर्ग होता रुबिक क्यूबचा. बहीण म्हणाली, "दादा, तुला येतं ना ते? जा ना त्याच्याबरोबर, घरात नुसता पेपर वाचत बसतोस." मग गेलो.

वीस-बावीस मुले होती. शिकवणारा बाहेरगावाहून आलेला पंचविशीतला तरुण. त्याच्याविषयी मला वाईट काही लिहायचे नाही. मेहनती होता, मुलांवर ओरडत नव्हता. हिंदी, तेलुगू आणि इंग्रजी एकत्र कालवून तो बोलत होता आणि मुलांना ते समजत होते. समोर बसलेल्यांपैकी कुणी त्या रंगाला पांढरा म्हणत होते, कुणी तेलुपु, कुणी सफेद. सर 'व्हाइट' म्हणत होते. "व्हाइट नीचे नहीं, व्हाइट ऊपर. सब लोग व्हाइट ऊपर." वीस हात वर झाले आणि वीस पांढरे मधले तुकडे आढ्याकडे बघू लागले.

एक हात वर झाला नाही. दहा-अकरा वर्षांची मुलगी, उटनूरकडच्या एका गोंड वस्तीतली, शिकायला आदिलाबादला नातेवाइकांकडे राहिलेली. तिचा क्यूब केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत घेतलेला. पुष्यात भरते ती जत्रा, मेसराम घराण्याची. तिथे पाळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांबरोबर ही खेळणीही येतात. तिच्या क्यूबचे अंग काळ्याऐवजी पांढऱ्या प्लास्टिकचे होते. असे क्यूब पुष्कळ मिळत. पांढऱ्या अंगावर पांढरा स्टिकर दिसणार नाही म्हणून बनवणारे त्या बाजूला काळा स्टिकर लावत. म्हणजे तिच्या क्यूबला लाल, नारिंगी, हिरवा, निळा, पिवळा हे पाच रंग होते, आणि सहावा काळा. पांढरा नव्हताच.

सरांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला. "ये नहीं चलेगा. व्हाइट वाला लेके आना." आणि ते पुढच्या रांगेकडे वळले. बस, एवढेच झाले. मुलगी क्यूब मांडीवर ठेवून बसून राहिली. रडली वगैरे नाही. तिने तो दप्तरात ठेवला, आणि मला ते बघवेना.

मी मागच्या बाकावर होतो. तिला बोलावले. तिची मराठी वऱ्हाडीच्या अंगाने जाणारी. म्हणाली, "सर, याले पांढरा नाही न."

मी म्हटले, "नसू दे. तुला कुठल्या रंगापासून करायचंय?"

मला वाटले होते ती काळा म्हणेल. पांढऱ्याच्या जागी काळा धरून चालू, असा माझा हिशेब. तिने क्यूब फिरवून सगळ्या बाजू पाहिल्या. घाई न करता. मग निळ्या मधल्या तुकड्यावर बोट ठेवले. "हा घेऊ? याचे दोन इथेच हायेत."

खरोखरच होते. निळ्याच्या कडेचे दोन तुकडे आपापल्या जागी येऊन बसलेले होते, आजूबाजूच्या रंगांशीसुद्धा जुळलेले. पुढच्या रांगेतली मुले पांढऱ्याचा पहिला तुकडा शोधत होती तेव्हा हिचे अर्धे काम झालेले होते. आणि तिने ते स्वतः पाहिले होते, कारण कुठे पाहायचे नाही हे तिला अजून कुणी शिकवले नव्हते.

पुढचे अधिक लाजिरवाणे आहे. निळ्याचा क्रॉस झाला, कोपरे झाले, मधल्या थराला आलो आणि मी अडलो. ती नव्हे, मी! पांढऱ्यापासून सुरू केले की मधल्या थरात पिवळा नसलेले तुकडे बसवायचे असतात. निळ्यापासून सुरू केले तर निळ्याच्या समोर हिरवा, म्हणून हिरवा नसलेले तुकडे. सांगायला किती सोपे. पण इतकी वर्षे माझी नजर 'पिवळा नको, पिवळा नको' असे घोकत होती. पिवळा दिसला की मी तो तुकडा सोडून द्यायचो, आणि इथे नेमका तोच हवा असायचा. दोनदा केलेले मोडले. साधारण दीड मिनिटात क्यूब सोडवणारा मी, पंचवीस मिनिटे घाम पुसत होतो. ती मुलगी मधेच म्हणाली, "सर, हिरवा नाही तो घ्या न." बरोबर सांगत होती.

असो. परत आल्यावर या विषयावर बराच विचार केला, थोडे वाचले, चार जाणत्यांशी वाद घातला. त्या वादातून जे उरले ते लिहितो.

पहिली गोष्ट. क्यूबला पांढऱ्याशी काही देणेघेणे नाही. बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली तो बनवला तेव्हा स्वतःचेच कोडे सुटायला त्यांना महिनाभर लागला, आणि त्यांनी सुरुवात केली ती क्रॉसपासून नव्हे, आठ कोपऱ्यांपासून. १९८२ साली बुडापेस्टलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली. २२.९५ सेकंदांत ती जिंकणारा मिन्ह थाई हाही कोपरेवालाच. लार्स पेट्रस यांनी दोन बाय दोनचा एक ठोकळा आधी जमवून तो वाढवत नेण्याची रीत काढली, फ्रान्सच्या जिल रू यांनी दोन बाजूंना दोन ठोकळे बांधण्याची. आज ज्या रीतीचा बोलबाला आहे ती क्रॉसची रीत येसिका फ्रिड्रिक यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात आधी क्रॉस, हे खरे. पण तो पांढराच असला पाहिजे, असे त्या रीतीच्या पोटात कुठेही नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लिपीची. क्यूबचे फॉर्म्युले ज्या अक्षरांत लिहितात ती अक्षरे डेव्हिड सिंगमास्टर या गणितज्ञाने रूढ केली. आर म्हणजे राइट, एल म्हणजे लेफ्ट, यू म्हणजे अप, तसेच डाऊन, फ्रंट, बॅक. सगळी नावे जागांची आहेत. त्या काळात वेगवेगळ्या क्यूबांवर रंगांची मांडणी वेगवेगळी असे, त्यामुळे रंगाचे नाव घेऊन लिहिलेला फॉर्म्युला एकाला लागू पडायचा आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे ज्यांनी ही लिपी बसवली त्यांनी रंग मुद्दाम बाहेर ठेवला. आणि आपण शिकवताना तो पुन्हा आत घेतला! 'आर यू आर प्राइम यू प्राइम' हा फॉर्म्युला वर्गातल्या प्रत्येक पोराला येतो. तो निळ्यावरही चालतो, नारिंगीवरही चालतो, त्या मुलीच्या काळ्यावरही चालतो. शिकवणाऱ्याने मात्र सांगितलेले असते, 'व्हाइट ऊपर'.

मग पांढरा आला कुठून? माझा तर्क साधा आहे. पुस्तकात किंवा खोक्यातल्या कागदावर चित्र छापायचे तर कुठला तरी एक रंग धरावाच लागतो, आणि पांढरा उठून दिसतो. वर्गात तीस मुले असतील तर सगळ्यांचा क्यूब एका पानावर असावा असे शिक्षकाला वाटते. यात पाप नाही. स्पर्धेत क्यूब विस्कटून देणाऱ्यालाही पांढरा वर आणि हिरवा समोर धरावा लागतो, कारण सगळ्या स्पर्धकांना सारखेच कोडे मिळायला हवे. पण तो नियम विस्कटणाऱ्यासाठी आहे. सोडवणाऱ्याला मग पंधरा सेकंद नुसते निरखायला देतात, आणि त्या वेळात त्याने कुठल्याही रंगावर बोट ठेवावे. सोयीखातर धरलेली गोष्ट दोन पिढ्यांत शास्त्र होऊन बसते. मी सरकारी कचेरीत काम करतो, त्यामुळे हे कसे होते ते मला कुणी शिकवायला नको. एखाद्या साहेबाने कधी काळी अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात तारीख लिहायला सांगितलेली असते. साहेब निवृत्त होतो, आणि उजव्या कोपऱ्यात तारीख लिहिणाऱ्याचा अर्ज परत जात राहतो.

आता आकडे. मी कला शाखेचा, गणिताला घाबरणारा, तरी हे आकडे मला आवडले. एका रंगाच्या क्रॉसचे चार तुकडे क्यूबवर एकूण १,९०,०८० प्रकारे विखुरलेले असू शकतात. कुठलीही अवस्था असो, जास्तीत जास्त आठ चालींत क्रॉस होतोच, आणि आठ लागतील अशा अवस्था फक्त १०२. पण एकच रंग धरून बसलात तर दहातल्या सात वेळा सहा किंवा जास्त चाली लागतात, सरासरी ५.८. सहाही रंग पाहून त्यातला सोपा निवडलात तर ही सरासरी ४.८ च्या आसपास येते. म्हणजे वाचते ती एक चाल.

एक चाल! यावर माझ्याशी वाद घालणारे हसतात, आणि त्यांचे हसणे मला मान्य आहे. दीड मिनिट लावणाऱ्या माणसाला एका चालीने काय मिळणार? वेगाने सोडवणाऱ्यांतसुद्धा आयुष्यभर एकाच रंगापासून सुरुवात करणारे आहेत आणि त्यांचे काही अडत नाही. वेगाचाच प्रश्न असता तर मी हा लेख लिहिला नसता.

प्रश्न असा आहे की पांढऱ्यापासून शिकलेल्या मुलाला नेमके काय येते? त्याला पाठ असते: हिरवा, लाल, निळा, नारिंगी. पांढऱ्याच्या भोवती या क्रमाने रंग येतात, एवढे त्याच्या डोक्यात बसते. क्रॉस बाजूच्या मधल्या तुकड्यांशी जुळवायचा असतो, कारण मधले तुकडे एकमेकांच्या जागा सोडत नाहीत आणि कुठल्या बाजूने कुठला रंग घ्यायचा ते तेच ठरवतात. क्यूबमधली पहिली समजण्याची गोष्ट ही. आणि नेमकी ती समजायची गरजच पांढऱ्याच्या पाठांतराने संपते. मुलगा मधल्या तुकड्याकडे न बघता नुसता क्रम म्हणतो. त्याच्या हातात निळा वर करून क्यूब द्या, तो म्हणेल, 'हे मला शिकवलं नाही.' खरे तर सगळे शिकवलेले असते.

समोरून येणारा आक्षेप ठरलेला आहे: नवशिक्याचा गोंधळ होतो. आधी एक रंग पक्का होऊ दे, मग बाकीचे. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण हे 'मग' फारसे कुणाच्या वाट्याला येत नाही. एकदा नजर बसली की ती मोडायला दिवसच्या दिवस जातात, आणि त्या दिवसांत माणूस आधीपेक्षा हळू होतो. हळू व्हायला कोण तयार असतो? जो मुलगा अजून हळूच आहे त्याला हे गमावण्यासारखे काही नसते. म्हणून ही सवय पहिल्या आठवड्यातच लागू शकते, नंतर ती भलतीच महाग पडते. आणि गोंधळाचे म्हणाल तर त्या मुलीचा कुठे झाला? गोंधळ झाला तो जाणत्याचा.

हे आमच्या गोव्याच्या वाचकाला पेटीच्या भाषेत सांगितले तर लगेच पटेल. गावच्या भजनात पेटी वाजवणारा असा एक असतोच, ज्याला गुरुजींनी सा फक्त काळी एकवर धरून शिकवलेला असतो. अभंग, गवळण, आरती, सगळे त्याच पट्टीत. बोटे सुरेख चालतात. मग एखाद्या सप्ताहाला बाहेरची गाणारी बाई येते आणि म्हणते, काळी पाच. याचा चेहरा उतरतो. सूर सगळे माहीत आहेत, राग माहीत आहे, पण सा हलला आणि बोटांना वाट सापडेना. मग तो बाईंना म्हणतो, जरा खाली गा ना, काळी एकमध्ये गा. पुरुषाची पट्टी बाईच्या गळ्यावर! मी असा प्रसंग पाहिला आहे, आणि त्या बाईंनी खालच्या सुरात कसेबसे गाऊन वेळ निभावलेलीही पाहिली आहे. ज्या भूमीने बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांसारखा पेटीवाला दिला तिथे हे मुद्दाम सांगायला नको की साथीला बसणाऱ्याला सा कुठेही धरता आला पाहिजे. आपल्या संगीतात सा बांधलेला नाही, हे तर त्याचे वैशिष्ट्य म्हणून आपण जगाला सांगतो. चांगले गुरुजी तोच पलटा आज या पट्टीतून, उद्या त्या पट्टीतून घोकून घेतात. सुरुवातीला त्रास होतो. कुणी म्हणत नाही की पोराचा गोंधळ होईल, दहा वर्षे काळी एकच वाजवू दे.

अक्षरओळखीतही आपल्याकडे हे शहाणपण होते. वर्णमाला अ आ इ ई अशी मांडलेली; पण मराठी शाळेत पिढ्यान् पिढ्या मुलांनी आधी गिरवले ते ग म भ न. का? तर त्यांची वळणे एकमेकांशी मिळतीजुळती, हाताला सोपी. कुणा मास्तराने कधी तरी अक्षरांच्या रांगेऐवजी मुलाच्या हाताकडे पाहिले असणार. (पुढे गमभनही पांढऱ्यासारखेच ठरीव होऊन बसले, ही गोष्ट वेगळी.)

आणि याच विषयावर आदिलाबादला एक जुना धडा गिरवलेला आहे. परतायच्या आदल्या दिवशी भावोजींनी गाडी काढली आणि इंद्रवेल्ली, उटनूर करत जैनूरच्या पुढे मारलवाईला नेले. लहानसे गोंड खेडे, आता आसिफाबाद जिल्ह्यात. तिथे ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांच्या समाध्या आहेत. कोमरम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारला हे आदिवासी का पेटले ते समजून घ्यावेसे वाटले आणि त्यांनी या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला इकडे पाठवले. तो मारलवाईत राहिला, गोंडी शिकला. १९४३ साली त्याच्या पुढाकाराने मारलवाईला गोंड तरुणांना शिक्षक करण्याचे केंद्र निघाले.

राज्याची भाषा उर्दू. रीतीप्रमाणे पोरांनी उर्दूपासून सुरुवात करायची. या माणसाने आधी पोरांकडे काय आहे ते पाहिले. घरात गोंडी होती. लिहिण्यावाचण्याचा जो काही थोडा वारा त्या मुलखात होता तो मराठीमुळे होता. म्हणून पहिली पुस्तके गोंडीत झाली, आणि लिपी घेतली देवनागरी. उर्दू पुढे यायचीच होती, ती नंतर आली. उद्या मध्य प्रदेशातला कुणी म्हणेल की गोंडीला मंगलसिंग मसराम यांनी केलेली लिपी होती. आदिलाबादचा माणूस म्हणेल की नारनूरजवळच्या गुंजाळा गावात गोंडीची जुनी हस्तलिखिते मिळाली आणि ती लिपी २०१८ साली युनिकोडमध्येही गेली, मग देवनागरी कशाला? दोघांचेही खरे. १९४३ साली मारलवाईच्या पोरासमोर जे दोन तुकडे जागेवर बसलेले होते ते हायमेनडॉर्फने उचलले, एवढेच मी म्हणतो. पुढे आंध्र प्रदेश झाला, तेलुगू आली आणि 'सब लोग व्हाइट ऊपर' पुन्हा सुरू झाले.

इथपर्यंत माना डोलावणाऱ्या आमच्या मराठीप्रेमी वाचकांना आता थोडे टोचणार आहे. गोव्यात १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणीपुरते ठेवले गेले, २०११ साली ते इंग्रजी शाळांनाही खुले झाले, आणि त्या वादात मी कुठल्या बाजूला होतो ते नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या बाजूला अजूनही आहे. पण आम्ही मंडळी 'मुलाच्या भाषेतून' म्हणता म्हणता किती वेळा मुलाच्या तोंडून खरोखर काय बाहेर पडते ते ऐकतो? आमचे शेणैमाम घरात कोकणी बोलणाऱ्या पोराला ओसरीवर बसवून मराठी अक्षरे शिकवत, आणि समजावून कोकणीतच सांगत. त्यांना त्याचे काही वाटत नसे. आज कोकणीचे नाव काढले की आपल्यातले काही ताठरतात, रोमीचे नाव काढले की देवनागरीवाले ताठरतात, आणि रोमीवाले सगळ्यांवरच रुसलेले. ज्याचा त्याचा पांढरा ठरलेला आहे, आणि पोराच्या हातातला क्यूब कुणी बघत नाही. यावर स्वतंत्र लिहीन, शिव्या तेव्हा द्या.

क्यूबकडे परत येतो. मी काही वर्ग चालवत नाही, तरी कुणी चालवत असेल तर माझी मागणी लहानशी आहे. पहिल्या दिवशी मुलांना सहाही रंग शिकवा असे मी म्हणत नाही. पहिल्यांदा मुलाला वाटेल त्या रंगापासून करू द्या. फक्त हात लावण्याआधी क्यूब पुरता फिरवून बघायला लावा आणि विचारा, कोणाचे किती तुकडे जागेवर आहेत? दुसऱ्यांदा तोच रंग नाही. एवढा एकच नियम पुरेसा आहे. फळ्यावर 'पांढरा' असे लिहू नका, 'तुझा रंग' आणि 'त्याच्या समोरचा रंग' असे लिहा. पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर नारिंगी, या तीन जोड्या मुलांना पाच मिनिटांत येतात. तीस मुलांचे तीस रंग झाले तर शिक्षकाला जास्त फिरावे लागेल, हे खरे. त्याला पैसेही थोडे जास्त द्यावेत.

आणि कुणी काळ्या स्टिकरचा क्यूब घेऊन आले तर तो पुढच्या बाकावर ठेवून सगळ्यांना दाखवा. रंग बदलला तरी चाल बदलत नाही हे समजावायला याहून चांगले साधन विकत मिळणार नाही.

त्या मुलीचा क्यूब त्या दिवशी पुरा सुटला का, असे बहिणीने घरी आल्यावर विचारले. नाही सुटला. शेवटचा थर राहिला, वर्गाची वेळ संपली. सरांनी जाताना पाहिले की खालचे दोन थर झाले आहेत. त्यांनी क्यूब पुन्हा हातात घेतला आणि तिला काही तरी तेलुगूत विचारले. ती हसली. काय विचारले ते मला समजले नाही. दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती.

सध्या मी दर सोमवारी रंग बदलतो. हा आठवडा नारिंगीचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला माझा जुना क्यूब, त्यात नारिंगी आणि लाल आता जवळजवळ सारखेच दिसतात. काल पावणेचार मिनिटे लागली.